वाटेवरची गावे

प्रवासाला निघण्याची इच्छा माणसाच्या मनात कशाने उत्पन्न होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बहुतेक लोक प्रसिद्धीच्या मागे जातात. महाबळेश्वर, काश्मीर, ताजमहाल ही नावे त्यांनी ऐकलेली असतात, चित्रे पाहिलेली असतात. स्थळ चित्राबरहुकूम आहे अशी खात्री करून घेऊन ते परत येतात. यात वाईट काही नाही. ताजमहाल पाहू नये असे कोण म्हणेल? परंतु प्रवासाची आणखी दोन निमित्ते आहेत आणि ती मला अधिक मोलाची वाटतात. एक म्हणजे कानावर पडलेले गाणे आणि दुसरे म्हणजे जिभेवर राहिलेली चव. त्यांचा माग काढीत निघालेला मनुष्य बहुधा एखाद्या लहानशा गावी जाऊन पोचतो.

गाण्यासाठी पायपीट करणारी माणसे जगात होऊन गेली आहेत. हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक व झोल्तान कोदाय हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ध्वनिलेखनाचे यंत्र बरोबर घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडू लागले. शेतकऱ्यांच्या तोंडची हजारो गाणी त्यांनी टिपून घेतली. आपल्याकडे देवेंद्र सत्यार्थी लोकगीतांच्या शोधात देशभर भटकले. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमविल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ही मंडळी ज्या गावी गेली, त्यांतील कितीतरी गावांना ‘पाहण्यासारखे’ असे काही नव्हते. ऐकण्यासारखे मात्र होते.

अशा गावांपैकी एक उदाहरण म्हणून मी नांदुरा घेतो. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलण्यात करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. नांदुरा हे घाटाखालचे, ज्ञानगंगेच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग त्याच्या अंगावरूनच जातो. हा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात नेणे हा तो बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता. आजही या मार्गावरून असंख्य प्रवासी जातात. मात्र सगळ्याच जलद गाड्या येथे थांबत नाहीत आणि थांबल्या तरी बाहेरगावचा मनुष्य सहसा उतरत नाही. मोटारीने जाणारे लोक महामार्गालगतची १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती पाहून हात जोडतात, छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. गावातील मुलांना विचारावे, तर तीही सांगतात, ‘आमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?’

या उत्तराचे मला फार वाईट वाटते. मुलांनी पाहण्यासारखे म्हणजे काय, हे दुसऱ्यांच्या चित्रांवरून ठरविलेले असते. येथे बर्फ नाही, धबधबा नाही हे खरे. पण आश्विनातल्या एखाद्या सकाळी गावाबाहेर पडून उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे. पायांखाली काळीभोर जमीन. तिच्यावर दूरवर कपाशी, तूर आणि मधूनच डोक्याएवढी उंच ज्वारी. त्यापलीकडे पूर्णेचे खोरे आणि अगदी कडेला सातपुड्याची निळी रेघ. पुढे कार्तिकात बोंडे फुटली म्हणजे ही काळी जमीन पांढरी होते. सपाट प्रदेशाचे सौंदर्य डोंगरासारखे एकदम अंगावर येत नाही. ते दिसण्यासाठी जरा थांबावे लागते, आणि थांबणे हेच तर आजच्या प्रवाशाला सर्वांत कठीण जाते.

संध्याकाळ झाली की या प्रदेशात भुलाबाईची गाणी ऐकू येतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मुली भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. तेथून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज सांजवेळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात आणि गाणी म्हणतात. सासर, माहेर, सासू, नणंद, रुसलेली लेक हे त्या गाण्यांचे विषय. गाणी संपली की घरातील बाई झाकलेला डबा पुढे आणते आणि आतली खिरापत ओळखायला सांगते. गोड की तिखट? ओली की कोरडी? डबा हलवून आवाज ऐकायचा, वासाचा अंदाज घ्यायचा, चुकीची नावे घ्यायची, हसायचे आणि अखेर सर्वांनी मिळून खायचे. गाणे आणि खाणे यांची इतकी सुंदर सांगड मी दुसरीकडे क्वचितच पाहिली. पुण्या-साताऱ्याकडील भोंडला हा हिचाच सख्खा सोयरा; पण भुलाबाईच्या गाण्यांतील वऱ्हाडी बोलीचा ठसका तेथे कोठून मिळणार?

कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांची खोपडी उभारून तिच्यात भुलाबाई बसवितात. ज्वारी शेतातली, मूर्ती मातीची, गाणे घरचे. जेवणाचेही तसेच आहे. थंडीत या भागात जे वांग्याचे भरीत होते, त्यासाठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. तो धुराचा खमंग वास चुलीबरोबर येतो आणि तिच्याबरोबरच जातो. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी यांच्याबरोबर शेतात किंवा देवळाच्या आवारात पंगतीने खाण्याची रीत आहे. हे पदार्थ दुकानातून आणून घरी खाल्ले तर पोट भरेल, पण कपाशीचे रान आणि भरताची चव यांचा संबंध कळणार नाही. शेजारच्या शेगावची कचोरी मात्र फार नशीबवान ठरली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी ती रेल्वे स्थानकावर विकावयास सुरुवात केली आणि गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्या प्रवाशांनी तिचे नाव सर्वदूर नेले. रोडग्यांना गाडीची खिडकी मिळाली नाही, एवढेच!

कोणी म्हणेल, आता सर्व गाणी ध्वनिमुद्रित होतात. खिशातल्या यंत्रावर ती घरबसल्या ऐकावी, त्यासाठी नांदुऱ्याला कशाला जावे? मुद्रित गाणे उपयोगाचे आहे, हे मी नाकारीत नाही. पण ते ऐकणाऱ्याला कोणी डबा पुढे करून ‘ओळखा पाहू’ म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाहेरचे लोक येऊ लागले की गावाचा बाजार होतो. सण तिकीट लावून दाखविला जातो. शहरांच्या आसपास माणशी पैसे मोजून हुरडा खाण्याची सोय झाली आहेच. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळत असतील तर माझी तक्रार नाही. पण भुलाबाईचे गाणे ही दाखविण्याची वस्तू नव्हे. म्हणून तेथे प्रेक्षक होऊन न जाता पाहुणा होऊन जावे. पाहुणा घरच्यांच्या सवडीने वागतो. मुली ज्या महिन्यात गातात त्याच महिन्यात त्याने गेले पाहिजे. चैत्रात जाऊन ‘गाणे म्हणून दाखवा’ असा हट्ट धरता येत नाही.

आणि जाण्याची थोडी घाईही केली पाहिजे. सोयाबीन आल्यापासून वऱ्हाडात ज्वारीचे क्षेत्र पुष्कळ घटले आहे. चुलीची जागा गॅसने घेतली. धुरात डोळे चोळणाऱ्या बायकांचा त्रास वाचला, हे चांगलेच झाले, पण पऱ्हाट्यांवरचे भरीत सणापुरते उरले. शिकलेल्या मुली पुण्या-मुंबईला गेल्या आणि आजीला येणारी गाणी नातीला येईनाशी झाली. गाण्याला ऐकणारा मिळाला तर गाणारीला ते आठवावेसे वाटते. बाहेरगावचा कोणी मुद्दाम आपले गाणे ऐकायला आला, हे पाहून गावातली मुलगी त्या गाण्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहील आणि आजीजवळ बसून राहिलेली कडवी विचारून घेईल. सरकारी योजनेने हे होण्यासारखे नाही.

तेव्हा पुढच्या आश्विनात नागपूरकडे जाण्याचा योग आला, तर ओळखीच्या घरी आधी कळवून एक मुक्काम नांदुऱ्याला करावा. जाताना आपल्या मुलखातील एखादा पदार्थ डब्यात घालून न्यावा. कोकणातल्या माणसाने फणसपोळी न्यावी, कोल्हापूरकराने काकवीची वडी न्यावी. गाणी झाल्यावर तो डबा मुलींपुढे ठेवून द्यावा आणि गंमत पाहावी. वऱ्हाडातल्या सगळ्या खिरापतींची नावे घेऊन झाली, तरी ती खिरापत त्यांना लवकर ओळखता यायची नाही.