कातरवेळची तबकडी

मैत्रिणींनो, एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगी अकरावीत आहे, अभ्यासात बरी आहे. पण संध्याकाळ झाली की दिवा न लावता कसलं तरी 'रडकं इंग्रजी संगीत' ऐकत बसते. तिन्हीसांजेला हे असलं अशुभ, असं सासूबाईंचं म्हणणं. बंद करायला लावू का, असं त्या विचारतात. अल्बमचं नावही त्यांनी कळवलंय, 'फेथ'.

आधी महत्त्वाचं सांगते. मुलगी नीट जेवते ना? झोपते ना? मैत्रिणींत मिसळते ना? मग निर्धास्त राहा. यातलं काही बिनसलं असेल, तर तिच्याशी बोला, डॉक्टरांचा सल्ला घ्या. पण खापर गाण्यांवर फोडू नका. आणि बंद करायला लावण्याआधी एकदा स्वतः ऐका. निवडायची मेथी घेऊन बसलात तरी चालेल, सगळा मामला जेमतेम सदतीस मिनिटांचा आहे.

'फेथ' म्हणजे श्रद्धा. इंग्लंडमधल्या क्रॉली गावच्या 'द क्युअर' या चमूनं १९८१ साली हा अल्बम काढला. रॉबर्ट स्मिथ, सायमन गॅलप आणि लॉल टोलहर्स्ट अशी तिघंच पोरं, ऐन विशीतली. विस्कटलेले केस आणि फासलेली लिपस्टिक असं स्मिथचं चित्र तुमच्या मुलीच्या भिंतीवर असेल, तर ते सोंग नंतरचं बरं का!

हा अल्बम म्हणजे घरातलं मधलं मूल. थोरला १९८० चा 'सेव्हन्टीन सेकंड्स', त्याचं कौतुक झालं. धाकटा १९८२ चा. त्याचं नाव इथे छापलं तर तुमच्या घरी गहजब होईल (आत तसं काही नाही हो!). पण गॉथिक रॉक म्हटलं की जाणकार त्याच्याकडेच बोट दाखवतात. मधल्याकडे फारसं कुणी वळून पाहत नाही. माझ्या मते तिघांत गुणी तोच.

का म्हणाल, तर यातलं दुःख आदळआपट करत नाही. रॉक म्हटलं की आपण कानात बोटं घालतो, इथे उलट आहे. सुरुवातीला बासगिटारचा एकच जाड सूर येतो. तो तंबोऱ्यासारखा मागे घुमत राहतो आणि बाकीची वाद्यं त्यावर बेतानं येतात. पहिलं गाणं 'द होली अवर', त्याला पार्श्वभूमी चर्चची. आजूबाजूचे लोक श्रद्धेनं प्रार्थना करताहेत आणि आपल्याला मात्र ती श्रद्धा सापडत नाही, अशा माणसाचं ते गाणं आहे. देवासमोर हात जोडूनही मन कोरडंच राहिलं, असं आपल्याला कधी होत नाही का? आपण फक्त बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या, 'प्रायमरी' या गाण्यात नेहमीची गिटार नाहीच, दोघंही बासगिटारच वाजवतात. 'ऑल कॅट्स आर ग्रे'मध्ये ढोलाचा ठोका इतका संथ, की पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तसा. 'द फ्युनरल पार्टी'चे कीबोर्डचे सूर तर नुसते धुक्यासारखे पसरतात. मधलं 'डाउट' तेवढं आरडाओरड्याचं. मला ते खटकतं. बाळ झोपलं असेल तर ते वगळलंत तरी चालेल.

मुखपृष्ठही पाहून घ्या. धुक्यात बुडालेलं, राखाडी, काही उमगू नये असं. ते यॉर्कशरमधल्या बोल्टनच्या पडक्या मठाचं छायाचित्र आहे. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये तो मठ बंद पडला. श्रद्धा हे नाव आणि चित्र भग्न देवघराचं!

आणि हे सगळं उगाच आणलेलं सोंग नव्हतं. ढोल वाजवणाऱ्या टोलहर्स्टची आई त्या दिवसांत अत्यवस्थ होती. त्याच वर्षी जूनमध्ये, तो परदेशात दौऱ्यावर असताना, ती गेली. हे कळल्यावर पुन्हा ऐकाल, तेव्हा त्याचा तो संथ ठोका वेगळाच लागेल.

तेव्हा सासूबाईंना सांगा, मारवा काय दुपारी बारा वाजता गातात? कातरवेळेचं संगीत कातरवेळीच ऐकायचं. हवं तर देवापाशी दिवा लावून मग पोरीच्या खोलीत जा. 'हे काय लावलंयस' असं न म्हणता, 'यातलं तुला कुठलं आवडतं?' असं विचारा. ती जरा चपापेल, पण सांगेल. शेवटचं गाणं, 'फेथ', जवळजवळ पावणेसात मिनिटांचं आहे. ते सुरू होण्याआधी गॅसवरचं दूध उतरवून या, म्हणजे मध्येच उठावं लागणार नाही.