बरोबरीला शून्य गुण?

चाळीस मिनिटांच्या खेळात 34-34 अशी बरोबरी, मग पाच-पाच चढाया आणि त्यात 6-4 अशी हार. पुणेरी पलटणच्या हातून पात्रता सामना असा निसटला आणि दबंग दिल्ली प्रो कबड्डीच्या अंतिम फेरीत गेली. बाद फेरीत कुणीतरी एकच पुढे जाणार, हे मान्य. पलटणला दुसरी संधी होती, ती त्यांनी साधली आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडूनच 31-28 असे हरले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हाच टायब्रेकर साखळी सामन्यांवरही लादणाऱ्या बाराव्या हंगामाच्या निर्णयाबद्दल.

पूर्वी साखळीत बरोबरी झाली की दोन्ही संघांना तीन-तीन गुण मिळत. सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्यालाही एक गुण मिळे. आता विजयाला दोन, पराभवाला शून्य आणि बरोबरी नाहीच. म्हणजे वीस गुणांनी लोळवला गेलेला संघ आणि चाळीस मिनिटे तसूभरही मागे न हटलेला संघ, दोघांनाही शून्य! काट्यावर एक किलो कमी भरले म्हणून ट्रॉलीभर उसाचे बिलच नाकारले, तर बारामती-इंदापूरचा शेतकरी ते सोसेल काय? मग कबड्डीपटूने का सोसावे?

शिवाय टायब्रेकर ही कबड्डी नव्हेच. त्यात बाद झालेला खेळाडू बाहेर जात नाही, लोण नाही, निदान रेषाच बोनस रेषा होते. सात खेळाडू कमी होत जाणे, तिघांनी मिळून अव्वल पकड करणे, बसलेला गडी पुन्हा आत आणणे, ज्या गोष्टींनी हा खेळ घडला त्या सगळ्या बाजूला सारून निकाल लावला जातो. तिथेही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई, आणि ती आधी कुणाला मिळणार हे ठरवते नाणेफेक. महिनोन्‌महिने घाम गाळणाऱ्या खेळाडूंचे गुण नाण्यावर टांगणे हा अन्याय आहे. राष्ट्रीय कबड्डी महासंघाच्या जुन्या नियमात बाद फेरीतली कोंडी फोडायला पाच-पाच मिनिटांचे दोन जादा डाव असत. तो खेळ खराखुरा होता.

जगाने हे धडे केव्हाच घेतले. फुटबॉलने 1993 मध्ये आणलेला गोल्डन गोल 2004 नंतर मोडीत काढला. 2019 च्या क्रिकेट विश्वचषकात चौकार-षटकार मोजून विजेता ठरला, तेव्हा ओरड झाली आणि त्याच वर्षी आयसीसीने तो नियम रद्द केला. अमेरिकी फुटबॉलमध्ये जानेवारी 2022 च्या बाद सामन्यात कॅन्सस सिटीने नाणेफेक जिंकून जादा वेळेतल्या पहिल्याच आक्रमणात बफेलोला 42-36 हरवले. बफेलोला जादा वेळेत चेंडू मिळालाच नाही. दोनच महिन्यांत बाद फेरीचा नियम बदलला, आणि 2025 पासून साखळीतही दोन्ही संघांना संधी मिळू लागली. आपण मात्र उलट्या दिशेने निघालो आहोत.

याचे कारण उघड आहे. प्रत्येक संध्याकाळी प्रेक्षकाला एक जेता दाखवायचा. खेळाडूंना कुणी विचारले? ज्या महासंघाने विचारायचे, तो 2018 पासून न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कारभार निवडून आलेल्यांकडे द्या. घरात कारभारी नसला की पाहुणाच स्वयंपाक ठरवतो.

बारामती आणि इंदापूरला या प्रश्नाबद्दल गप्प राहण्याचा अधिकार नाही. राज्य कबड्डी संघटनेचे नेतृत्व शरद पवारांनी केले. राज्याचे क्रीडाखाते डिसेंबर 2024 ते जुलै 2025 इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे होते. सत्ता आणि संघटना दोन्ही या मातीने पाहिल्या. यात्रा-उरुसाच्या मैदानावर रात्रभर बसून कबड्डी पाहणाऱ्या इथल्या माणसाला बरोबरी म्हणजे काय, हे कुणी शिकवायची गरज नाही. इथली पोरे उद्या या लीगचे नियम शिकतील आणि तेच गावोगाव येतील, हा खरा धोका आहे.

मागणी साधी आहे. साखळीत बरोबरी झाली तर दोन्ही संघांना एक-एक गुण द्या. बाद फेरीत आधी जादा डाव खेळवा, चढायांची फेरी त्यानंतर. सुवर्ण चढाईतून नाणे हद्दपार करून दोन्ही संघांना सारखी संधी द्या. पुढच्या हंगामाआधी राज्य संघटनेने ही मागणी लेखी मांडावी आणि बारामती-इंदापूरच्या कबड्डी मंडळांनी तसा ठराव करून संघटनेकडे पाठवावा.