संरक्षण नव्हे, नागरिकत्व

इस्लामी राज्यात मुसलमानेतरांचे स्थान काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून होते. एक पक्ष आद्य इस्लामच्या सहिष्णुतेचे गोडवे गातो, तर दुसऱ्याला तेथे केवळ तलवार दिसते. जालना जिल्ह्याला हा प्रश्न ग्रंथांपुरता ठेवता येणार नाही. १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता.

प्रथम परंपरेला न्याय दिला पाहिजे. इ. स. ६२२ च्या सुमाराच्या मदिनेच्या करारात यहुद्यांना त्यांचा धर्म व मुसलमानांना त्यांचा, असे मान्य करून नगररक्षणाची जबाबदारी दोघांवर टाकली होती. पुढे जिम्मींचा दर्जा निश्चित झाला. त्यांनी जिझिया द्यावा आणि राज्याने त्यांचे जीवित, मालमत्ता व उपासना यांचे रक्षण करावे, अशी ही व्यवस्था होती. भीक मागणाऱ्या एका अंध, वृद्ध यहुद्याला खलिफा उमर यांनी करमुक्त करून खजिन्यातून मदत दिली, अशी हकीकत आठव्या शतकातील कायदेपंडित अबू यूसुफ यांनी नोंदवली आहे. पाखंड्यांना जाळणाऱ्या मध्ययुगीन युरोपच्या तुलनेत ही व्यवस्था खचितच उदार होती.

परंतु संरक्षण देणारा आणि घेणारा हे कधीच समान नसतात. मदिनेतील यहुदी टोळ्यांचे करारभंगाच्या आरोपावरून काही वर्षांतच उच्चाटन झाले. अकबराने १५६४ मध्ये रद्द केलेला जिझिया औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा लादला. जे कृपेने मिळते, ते लहरीने जाते.

अखेरच्या निजामाच्या राज्यात जिझिया नव्हता. विषमतेचा गाभा मात्र कायम होता. ८० टक्क्यांहून अधिक प्रजा मुसलमानेतर असताना, सार्वभौमत्व मुसलमानांचे आहे, असा ‘अनल मलिक’चा सिद्धांत इत्तेहादुल मुसलमीनने मांडला. त्याचे पर्यवसान रझाकारांच्या अत्याचारांत झाले. रझाकारांचा निषेध करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. एका मुसलमान संपादकाचे हे बलिदान या लढ्याचे खरे स्वरूप सांगते. तो धर्माविरुद्ध नव्हता, अनियंत्रित सत्तेविरुद्ध होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर मराठवाड्यासह हैदराबाद राज्यात निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा पंडित सुंदरलाल यांच्या समितीचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशके जनतेपुढे आला नाही. मुक्तिदिन साजरा करताना रझाकारांची क्रूरता सांगायची आणि या प्रेतांविषयी मौन पाळायचे, हा कोणता न्याय?

अल्पसंख्यांनी बहुसंख्यांच्या औदार्यावर सुखाने राहावे, असे सांगणारे आजचे पुढारी नकळत जिम्मीचीच कल्पना नव्या वेषात मांडत असतात. राज्यघटनेने येथे कोणालाही आश्रित मानलेले नाही. जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहणारा हमाल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या देशाचा मालक आहे. निजामाला आपण जी कसोटी लावली, तीच स्वतःला लावण्याचे धैर्य आपण दाखवणार आहोत काय?