वाटणीपत्राला शांतता म्हणू नये

पर्यावरण आणि शांतता यांविषयी बोलणे निघाले की सिंधू जलकराराचा दाखला हमखास दिला जातो. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केलेला हा करार १९६५, १९७१ आणि १९९९ची युद्धे पचवून टिकला. म्हणजे पाणी शत्रूंनाही जोडते, असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

मूळ कल्पना वेगळी होती. सिंधूचे संपूर्ण खोरे एक मानून त्याचा कारभार दोन्ही देशांनी मिळून पाहावा, असे डेव्हिड लिलिएन्थॉल या अमेरिकी प्रशासकाने १९५१मध्ये सुचवले होते. पुढे जागतिक बँक मध्यस्थ झाली आणि १९५४च्या तिच्या प्रस्तावात त्या कल्पनेच्या जागी वाटणी आली. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. भाऊबंदकीत शेताची व्हावी तशी नद्यांची वाटणी झाली. अशा वाटणीनंतर भाऊ भांडत नसतील, तर एकमेकांच्या बांधावर जाण्याचे कारण उरले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, स्थायी सिंधू आयोगामुळे दोन्ही बाजूंचे आयुक्त भेटत राहिले, पाण्याचे आकडे देत राहिले, हे काय थोडे झाले? थोडे नव्हेच. पण करारातले सातवे कलम ‘भावी सहकार्या’चे आहे आणि त्यातून काहीही मोठे उभे राहिले नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २३ एप्रिल २०२५ रोजी, भारताने करार स्थगित केला, तेव्हा थांबवावे असे एकत्र चाललेले काम फारसे नव्हतेच.

आता सियाचेनकडे पाहा. १९८४पासून तिथे दोन सैन्ये समोरासमोर आहेत. २०१२मध्ये गयारी येथे हिमप्रपाताखाली पाकिस्तानची सुमारे १४० माणसे गेली. २०१६मध्ये आपले दहा जवान गेले. त्या हिमनदीचे पाणी नुब्रातून श्योकमध्ये आणि श्योकमधून सिंधूत उतरते. तिथे शांतता-उद्यान करावे, ही सूचना जुनी आहे आणि ती भाबडी ठरवली गेली. वितळणाऱ्या बर्फाची वाटणी कोणत्या कलमाने करणार, हा प्रश्न मात्र व्यवहारी लोक विचारीत नाहीत.

निदान आपण, भाषेचे अभ्यासक म्हणवणाऱ्यांनी, ‘पाणीवाटप’ हा शब्द ‘सहकार्य’ या अर्थाने वापरणे थांबवावे.