डॉसला आवाज फुटतो तेव्हा
सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९९२ मध्ये आणलेले साउंड ब्लास्टर १६ हे कार्ड डॉसच्या जुन्या संगणकावर चालवायचे, तर ड्रायव्हरपेक्षा जुळवाजुळवीचेच काम जास्त. डॉसमधले गेम ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता थेट कार्डाशी बोलतात, म्हणून कार्डाचा ठावठिकाणा त्यांना आधी कळवावा लागतो. तो ‘ऑटोएक्झेक.बॅट’ फाइलमधल्या एका ओळीत असतो: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६. यात ए म्हणजे पोर्टचा पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट क्रमांक, डी आणि एच हे अनुक्रमे ८ आणि १६ बिटांच्या आवाजासाठीचे डीएमए मार्ग आणि टी म्हणजे कार्डाचा प्रकार. खरी डोकेदुखी इंटरप्टची. ७ क्रमांक बहुधा प्रिंटरच्या पोर्टकडे असतो. तिथे टक्कर झाली, की आवाजाचा पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो किंवा संगणक गोठतो. म्हणून ५ बरा. जुन्या कार्डांवर पत्ता जंपरने ठरतो. नंतरच्या प्लग अँड प्ले कार्डांना मात्र संगणक सुरू होताना ‘सीटीसीएम’ हा प्रोग्रॅम चालवून जागे करावे लागते. इन्स्टॉलर ‘कॉन्फिग.सिस’मध्ये आणखी काही ड्रायव्हर भरतो, पण बहुतेक गेमना त्यांची गरज नसते आणि ६४० केबी मेमरीतली जागा मात्र ते अडवतात. ते खुशाल काढावेत. शेवटी बऱ्याच गेमच्या सेटअपमध्ये हेच आकडे पुन्हा भरायचे असतात, तेव्हा ते कागदावर टिपून ठेवावेत.