गाडलेल्या धनाचा भाव

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगड परिसरातील शेतांत रात्रीच्या रात्री माणसे खणत होती. ‘छावा’ चित्रपटानंतर मोगलांच्या सोन्याच्या वार्ता उठल्या आणि विजेऱ्या, चाळण्या व धातुशोधक यंत्रे घेऊन गावकरी धावले. वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून बातमी छापली. परंतु असे काही हाती लागलेच, तर त्याचे पुढे काय होते, हा गमतीचा विषय नव्हे.

हिरवे पडलेले तांब्याचे भांडे कांजूरमार्गच्या चाळीत असो वा खेड्यात, चिंच, मीठ आणि राख लावून घासले जाते. सापडलेल्या नाण्याच्या नशिबीही तेच येते. भांड्याला हा उपाय उत्तम. पुराणवस्तूचा मात्र त्याने घात होतो. तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. शतकानुशतके माती, पाणी व हवा यांच्या संयोगाने तो बनतो आणि पुष्कळदा आतल्या धातूचे रक्षणच करतो. चिंचेतील आम्ल तो विरघळवते, राख अक्षरे झिजवते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो क्लोराइडचा विकार. मुंबईच्या दमट हवेत तो बळावतो आणि त्यावरील इलाज प्रयोगशाळेतच होतो. घरी करण्याजोगे एवढेच, की वस्तू कोरडी ठेवावी.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना एका भिल्ल रहिवाशाला साठ किलोंहून अधिक वजनाची चार ब्राँझशिल्पे सापडली: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या काळाविषयीचा वाद विद्वानांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून घातला. भंगाराच्या तराजूत त्यांचे वजन तेवढे मोजले गेले असते.

आणि तराजूचा हा हिशेब खुद्द कायद्यातच आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास कळवावा लागतो. न कळविल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण सरकारने तो घ्यायचे ठरविले तर मोबदला किती? धातूची किंमत, अधिक तिचा एकपंचमांश. सातवाहनांचे नाणे आणि तेवढेच शिसे यांत कायद्याला फरक दिसतो तो एवढाच. सोनार ताबडतोब रोकड देतो, प्रश्न विचारीत नाही. सरकार अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा देते. अशा स्थितीत वस्तू मुशीत गेली तर दोष एकट्या शोधणाऱ्याच्या लोभाचा कसा?

इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने संग्रहालयाने ठेवलेल्या निधीला बाजारमूल्याएवढे बक्षीस मिळते; शोधणाऱ्याने वस्तूची हानी केली असेल तर ते कमी होऊ शकते. म्हणजे न घासण्यातच त्याचा फायदा. सरकारी तिजोरीला हे परवडणार नाही, असा आक्षेप येईल. पण सरकारने सारे विकत घ्यावे असे नाही. जागेसह नोंद व्हावी, निवडक वस्तू संग्रहालयात याव्यात आणि बाकीच्या नोंदणी करून शोधणाऱ्याकडे परत जाव्यात. त्यासाठी १८७८ च्या कायद्यातील ‘धातूची किंमत’ एवढेच शब्द आधी बदलावे लागतील.