चिठ्ठी देऊन मोकळे

बाळंतिणीची प्रकृती बिघडली की आपल्याकडे एकच शब्द कानावर येतो : 'रेफर'. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी केसपेपरवर एक ओळ खरडली जाते आणि जबाबदारी पुढच्या दारात ढकलली जाते. बाई मात्र वाटेतच असते.

रेफर करण्याला माझा विरोध नाही. जिथे रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही, तिथे तिला अडकवून ठेवणं हाच गुन्हा. माझा आक्षेप नुसत्या चिठ्ठीला आहे.

बाळंतपणानंतर २४ तासांत अर्धा लिटर किंवा अधिक रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव. तो जोरात असेल तर धडधाकट बाईही दोन तासांत दगावू शकते. म्हणून हलवण्याआधीच ऑक्सिटोसिन द्यायचं, सलाईन लावायचं, गर्भाशय चोळून घट्ट करायचं. झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस इथेच द्यायचा. पुढच्या रुग्णालयाला फोन करून रक्तगट सांगायचा, सोबत नर्स द्यायची. प्रसूतीची वेळ, रक्तदाब, कोणतं औषध किती वाजता दिलं, हे कागदावर लिहायचं. याला रेफर म्हणतात. मी पाहिलेल्या कित्येक चिठ्ठ्यांवर 'पुढील उपचारासाठी' एवढंच असतं.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीला औषधं, तपासण्या, रक्त मोफत आहे. एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणारी गाडीही मोफत आहे. तरी रात्री दोन वाजता नवरा जीपवाल्याच्या विनवण्या करत फिरतो.

वर ऐकवलं जातं, "तुमच्यात बायकांना आणतातच उशिरा." जी वेळेवर आली, दवाखान्यातच बाळंत झाली आणि तिथेच बिघडली, तिचा उशीर कुणी केला?

आता मोहल्ल्याला विचारतो. चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम आणला कुठून? निफासच्या काळात नमाज माफ आहे, रोजे नंतर ठेवायचे आहेत. डॉक्टरकडे जायला मनाई कुठे आहे? खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद यांची शुश्रूषा मशिदीतल्या तंबूत रुफैदा नावाच्या बाईकडे सोपवली होती, हा आपलाच इतिहास. ताप, दुर्गंधी येणारा स्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी : यावर नजर उतरवत बसू नका, १०८ लावा. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. तिला 'सगळं ठीक आहे' म्हणून दारातूनच परत पाठवू नका.

मागणी साधी आहे. प्रत्येक चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव, निघाल्याची वेळ आणि पुढच्या रुग्णालयात कोणाशी बोलणं झालं, हे तिन्ही असलंच पाहिजे. नसेल तर जमातीच्या लोकांनी रुग्ण कल्याण समितीकडे लेखी जाब मागावा. जनाजाची सोय आपण एका तासात करतो. तेवढ्याच तत्परतेने रक्त देणाऱ्यांची आणि गाडीवाल्यांची यादी मशिदीत का लागू नये?